अपघातानंतरचा पुरावा : काय टिपावे, काय जपावे आणि कशाला हात लावू नये

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मोटार अपघातांविषयी आहेत. खरे आमच्या बाजूने होते, पण दाखवायला हाती काही उरले नव्हते, ही त्यांतील बहुतेकांची तक्रार आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. कायद्याच्या तरतुदी ठिकाणागणिक बदलतात, म्हणून त्यांत न शिरता पुरावा कसा टिकतो आणि कसा नाहीसा होतो, एवढ्यापुरतीच उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : चौकात माझ्या मोटारीला बाजूने आलेल्या मोटारीने धडक दिली. कोणाला इजा झाली नाही. मागे वाहने खोळंबली म्हणून आम्ही दोघांनी लगेच गाड्या कडेला घेतल्या आणि मी माझ्या दाराला पडलेल्या पोच्याचे दोन फोटो काढले. त्या वेळी चूक मान्य करणारा चालक आता नेमके उलटे सांगतो आहे. मी काय करायला हवे होते, आणि आता काही करता येईल का?

उत्तर : अपघातानंतरचे पहिले काम पुराव्याचे नसतेच. धोक्याचे दिवे लावणे, कोणाला लागले आहे का ते पाहणे, मदत बोलावणे आणि मागून येणाऱ्या वाहनांपासून स्वतःला वाचवणे हे आधी. वाहत्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून काढलेला उत्तम फोटो नसला तरी चालेल.

त्यानंतर मात्र जे सर्वांत आधी नाहीसे होणार आहे ते आधी टिपावे. आपण पोच्याचे फोटो काढलेत हे स्वाभाविक आहे, कारण जीव त्यातच अडकलेला असतो. पण पोचा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, तर दोन्ही गाड्या कोठे आणि कोणत्या कोनात थांबल्या होत्या ही गोष्ट त्या हलल्या की कायमची जाते. गाड्या हलवणे भाग असेल, तर हलवण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात चार दिशांनी चार फोटो घ्यावेत आणि प्रत्येक फोटोत सिग्नलचा खांब, दुभाजकाचे टोक किंवा गटाराचे झाकण असे काहीतरी न हलणारे यायला हवे. त्या खुणेवरून पुढे अंतरे काढता येतात; नुसत्या डांबरावर उभ्या असलेल्या गाडीच्या फोटोवरून फारसे काही काढता येत नाही. पुढची चाके कोणत्या बाजूला वळलेली आहेत हेही फोटोत दिसू द्यावे, कारण चालकाने शेवटच्या क्षणी गाडी कोणीकडे काढण्याचा प्रयत्न केला याचा तो बोलका अंदाज असतो.

मग रस्त्याकडे वळावे. टायरच्या काळ्या खुणा उभ्याने वरून पाहिल्या तर पुष्कळदा दिसतच नाहीत, विशेषतः एबीएस असलेल्या गाडीच्या, कारण त्यात चाक पूर्ण जाम होत नाही आणि खूण फिकट, तुटक उमटते. खाली वाकून, खुणेच्या रेषेत, तिरप्या उजेडात पाहिले की ती उठून दिसते. फोटोही तसाच घ्यावा. लांबी टेपने मोजता आली तर उत्तम, नाहीतर पावलांनी मोजून लिहावी आणि नंतर आपले पाऊल टेपवर मोजून घ्यावे. हा खटाटोप वायफळ नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक (टायर रस्त्याला किती धरून राहतो ते सांगणारा आकडा) साधारण ०.७ धरला, तर सपाट रस्त्यावर चारही चाके घासत २० मीटरची खूण उमटवून थांबलेली मोटार खुणेच्या सुरुवातीला ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगात होती असे गणित सांगते. रस्ता ओला असून गुणांक ०.४ असेल, तर तेवढीच खूण ताशी ४५ किलोमीटरचा वेग दाखवते. आणि खूण गाडी थांबण्याने न संपता धडकेने संपली असेल, तर खरा वेग याहून जास्त होता. म्हणूनच रस्ता ओला होता की कोरडा, त्यावर वाळू किंवा तेल सांडलेले होते का, ही साधी वाटणारी नोंद लांबीइतकीच मोलाची ठरते.

धडक नेमकी कोठे झाली हे सांगताना लोक काचांच्या खचाकडे बोट दाखवतात. काचा आणि प्लॅस्टिकचे तुकडे गतीमुळे पुढे उडतात, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली सरकतात, त्यामुळे ते फार तर ढोबळ जागा सांगतात. त्याहून भरवशाची खूण म्हणजे दबलेल्या धातूने डांबरात कोरलेला ओरखडा किंवा खड्डा, कारण तो उडून दुसरीकडे जात नाही.

आता आपल्या हाती काय उरले आहे ते पाहू. डांबरातला ओरखडा पुष्कळ दिवस टिकतो, तेव्हा पहिल्यांदा चौकात परत जाऊन तो शोधावा. आपल्या दाराचे काम अजून झाले नसेल तर करू नये आणि गाडी धुऊही नये. पोच्याजवळ टेप उभी धरून जमिनीपासूनच्या उंचीसह फोटो घ्यावा. दुसऱ्या गाडीच्या बंपरची उंची त्याच्याशी जुळते का, हे कोणीही ताडून पाहू शकते. ओरखड्यांत दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असेल तर तो पुसू नये, आणि ओरखडा पुढून मागे गेला आहे की मागून पुढे हेही जवळून टिपावे. डोळ्यांवर ऊन आल्याने दिसले नाही, असे तो चालक म्हणत असेल, तर लवकरात लवकर, घड्याळाच्या त्याच वेळेला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्या दिशेचा फोटो घ्यावा. सूर्य दुसऱ्या दिवशी जवळपास तिथेच असतो, महिन्याभराने नसतो.

तोंडी कबुलीबद्दल एवढेच सांगतो की, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कोणासमोर म्हणाला यासह, आजच लिहून ठेवावे. त्यावर भिस्त मात्र ठेवू नये. धक्का बसलेली माणसे सौजन्याने किंवा भीतीनेही 'माझे चुकले' म्हणून जातात. आपणही घटनास्थळी दोष घेऊ नये आणि देऊही नये. जे घडले तेवढेच सांगावे.

प्रश्न : माझ्या गाडीत डॅशकॅम आहे. अपघातानंतर मी चार दिवस गाडी वापरत होतो. चित्रफीत काढायला गेलो तर ती सापडलीच नाही. धक्का बसला की कॅमेरा ती आपोआप राखून ठेवतो ना?

उत्तर : ठेवतो, पण प्रत्येक वेळी नाही. डॅशकॅम एक ते काही मिनिटांचे तुकडे साठवत जातो आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. आत धक्का ओळखणारा संवेदक असतो. धक्का पुरेसा जोरदार वाटला तर चालू तुकड्यावर कुलूप पडते. बाजूने घासत गेलेली गाडी त्याला पुरेशी जोरदार वाटेलच असे नाही, आणि उलट खड्ड्याखड्ड्यांतून जाताना नको ते तुकडे कुलूपबंद होऊन कार्डावरची जागा खातात.

म्हणून अपघातानंतर कॅमेरा बंद करावा, कार्ड काढावे आणि पुढच्या प्रवासासाठी दुसरे कार्ड घालावे. काढण्याआधी कॅमेऱ्याच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्यावी. कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे पुढे असले तरी बिघडत नाही, ते सात मिनिटे पुढे होते हे दाखवता आले पाहिजे. घड्याळ आधी बरोबर करून मग फोटो काढणारे चतुर लोक मी पाहिले आहेत. त्यांनी स्वतःच्याच पुराव्याचा आधार काढून घेतलेला असतो.

मूळ कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख, वेळ आणि सही करावी, आणि पाहायचे-दाखवायचे ते प्रतीवरून. नातेवाइकांच्या गटात मेसेजिंग अ‍ॅपवरून फिरलेली चित्रफीत सहसा आकसलेली असते आणि मूळ फाइलसोबतची तारीख-वेळेची माहिती त्यात बहुधा उरत नाही. ती माहितीपुरती ठीक, पुरावा म्हणून लंगडी. नेमके दहा सेकंद कापून देण्याचा मोहही टाळावा. अपघाताचा तुकडा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे तिन्ही अखंड द्यावेत, नाहीतर त्याआधी काय होते, हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. संगणकाची सवय असणाऱ्यांनी फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून लिहून ठेवावा. ही ६४ चिन्हांची ओळ असते आणि फाइलमध्ये कोठेही तिळाएवढा बदल झाला तरी ती पूर्ण वेगळी येते, त्यामुळे फाइलला नंतर कोणी हात लावलेला नाही हे सांगणे सोपे जाते.

तुमच्या चित्रफितीचे तुकडे चार दिवसांत पुन्हा लिहिले गेले असतील, तरी ते कार्ड आता वापरू नये. सगळा भाग पुसला गेला नसेल तर जाणकार काही परत मिळवू शकतो.

प्रश्न : समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही चौकाकडे वळलेला आहे. मालक म्हणतात, पोलीस आल्याशिवाय देणार नाही. वाट पाहावी का?

उत्तर : देण्याची वाट पाहावी, राखून ठेवण्याची नाही. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. ध्वनिचित्रण कोणाला द्यायचे हे मालक नियमानुसार ठरवतील, पण ते पुसले जाऊ नये अशी विनंती आजच लेखी द्यावी. तिच्यात तारीख, घटनेची वेळ, तिच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास आणि कॅमेऱ्याची जागा स्पष्ट लिहावी, आणि विनंती पोहोचल्याची सही घ्यावी. अशा यंत्रणांची साठवण मर्यादित असते. काही ठिकाणी ती आठवड्याभरात भरते आणि मग जुने चित्रण निमूटपणे पुसले जाते, यात मालकाचा काही डाव नसतो. त्या यंत्राचे घड्याळ किती पुढे-मागे आहे हे त्याच भेटीत पाहून लिहून घ्यावे. पडद्यावर चालू असलेले चित्रण मोबाइलने टिपण्याची परवानगी मिळाली तर अवश्य टिपावे, पण त्याला मुळाची जागा देऊ नये. पडद्याची लुकलुक आणि चकाकी यांत वाहनाचा क्रमांक हरवतो.

प्रश्न : अपघाताच्या वेळी गाडीत माझी पत्नी आणि धाकटा भाऊ होते. एक म्हणते समोरची गाडी खूप वेगात होती, दुसरा म्हणतो साधारण होती. आम्ही तिघांनी बसून एकच हकिगत ठरवावी का?

उत्तर : मुळीच ठरवू नये. हेतू कितीही शुद्ध असला तरी त्यातून तीन साक्षींची एकच साक्ष होते, आणि तीही कोणाचीच नसलेली.

आठवण किती सहज वळते, याचा या विषयातला प्रसिद्ध प्रयोग अपघातांवरच झाला आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. मोटारी 'एकमेकींवर जोरात आदळल्या' अशा अर्थाचे क्रियापद ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल आला. 'एकमेकींना टेकल्या' अशा अर्थाचे ऐकलेल्यांचा ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती, तरीही 'जोरात आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती 'दिसलेली' होती. साधे 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी फक्त ७ जणांना.

तेव्हा तिघांनी तीन कागदांवर, एकमेकांशी न बोलता, आजच्या आज आपापले लिहावे. वेगाचा आकडा लिहिण्यापेक्षा कोठे बसलो होतो, काय पाहिले, काय नुसते ऐकले, सिग्नलचा कोणता दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हे लिहावे. नंतर काही आठवले तर आधीचे खोडू नये, खाली नव्या तारखेने भर घालावी. हकिगती थोड्या जुळल्या नाहीत म्हणून कोणी खोटे ठरत नाही. मला तर शब्दन् शब्द जुळणाऱ्या तीन जबान्यांचीच जास्त धास्ती वाटते.

रस्त्यावरच्या अनोळखी साक्षीदाराचे नाव आणि फोन क्रमांक मात्र तो निघून जाण्यापूर्वी घ्यावा आणि तो कोठे उभा होता हे विचारावे. त्याला 'तो भरधावच होता ना?' असे विचारण्याऐवजी 'आपण काय पाहिलेत?' एवढेच विचारावे.

प्रश्न : रात्रीच्या अपघातात माझा हेडलाइट फुटला. तो आधीपासून बंद होता, असा समोरच्याचा आरोप आहे. गॅरेजवाल्याने नवा दिवा बसवायला घेतला आहे. जुना ठेवून काही उपयोग?

उत्तर : फार मोठा उपयोग आहे, फक्त तो दिवा साधा तार असलेला असायला हवा. पेटलेल्या दिव्यातली टंगस्टनची तार अतिशय तापलेली आणि म्हणून मऊ असते. धडकेच्या झटक्याने अशी तार ताणली जाते, तिची वेटोळी विस्कटतात. थंड तार ठिसूळ असते, ती वेटोळी तशीच राखून राहते किंवा तुटते. दिव्याची काच फुटली आणि तार त्या क्षणी तापलेली असेल, तर आत शिरलेल्या हवेने टंगस्टन जळते आणि पिवळसर-पांढरी भुकटी तारेवर आणि आसपास बसते. भिंगातून पाहणाऱ्या तज्ज्ञाला एवढे पुरते. एलईडी दिव्यात तारच नसल्याने ही युक्ती तिथे चालत नाही.

मेकॅनिकला आत्ताच फोन करून सांगावे की जुना दिवा टाकू नका, पुसू नका आणि मुख्य म्हणजे 'लागतो का बघू' म्हणून त्याला वीज देऊ नका. काच फुटलेल्या दिव्याला नुसते एकदा सुरू केले तर थंड राहिलेली तारही जळून तशीच भुकटी सोडते, आणि मग खरे काय होते ते कोणालाच सांगता येणार नाही. दिव्याच्या बटणाची स्थितीही फोटोत घ्यावी. दिवा कापसात गुंडाळून डब्यात ठेवावा आणि तो कोणी, केव्हा, कोणाकडे दिला हे डब्यावर लिहीत जावे. फुटलेला टायर, तुटलेला ब्रेकचा पाइप, बदललेला कोणताही भाग यांना हीच रीत लागू आहे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिले म्हणजे काम संपले असे नाही. तो नुकसान मोजायला येतो, दोष कोणाचा हे शोधायला नव्हे.

प्रश्न : विमानासारखा 'ब्लॅक बॉक्स' मोटारीतही असतो असे ऐकले. त्यातून काय कळते?

उत्तर : अनेक नव्या मोटारींत असतो. एअरबॅग चालवणाऱ्या यंत्रणेतच तो बहुधा असतो. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना तो बंधनकारक आहे. अमेरिकेच्या २००६ सालच्या नियमाने अशा यंत्राने किमान काय नोंदवावे ते ठरवून दिले. त्यानुसार धडकेपूर्वीच्या ५ सेकंदांतला वेग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांची स्थिती अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने आणि धडकेने वेगात पडलेला फरक नोंदला जातो. गाडीतले बोलणे त्यात नसते.

एअरबॅग उघडली तर ही नोंद कुलूपबंद होते. उघडली नसेल तर पुढच्या एखाद्या धक्क्यात ती पुसली जाण्याची शक्यता असते, म्हणून अशी गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात देण्यापूर्वी नोंद काढून घ्यावी लागते आणि ते काम योग्य साधन असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. नोंदीतला आकडा म्हणजे वेदवाक्यही नव्हे. यंत्र वेग सहसा चाकांच्या फिरण्यावरून घेते, त्यामुळे चाके जाम होऊन गाडी घसरत असेल तर आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी दिसतो. अशा वेळी रस्त्यावरच्या खुणांचे ते फोटो पुन्हा कामाला येतात.

प्रश्न : अपघातानंतर रागाच्या भरात मी समाजमाध्यमावर बरेच लिहिले. ते काढून टाकू का?

उत्तर : लिहायला नको होते, पण आता वकिलाला विचारल्याशिवाय काढूही नये, पुरावा नष्ट केल्याचा ठपका मूळ मजकुरापेक्षा जड पडू शकतो. पुढे मात्र एक ओळही लिहू नये.

प्रश्न : त्या दिवशी मला काहीच झाले नव्हते. दोन दिवसांनी मान आखडली आणि पट्ट्याच्या रेषेत छातीवर काळेनिळे वळ उठले. आता डॉक्टरांकडे गेल्यास विश्वास बसेल का?

उत्तर : आजच जावे, आणि ते पुराव्याआधी प्रकृतीसाठी. मानेचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येणे आणि मुका मार उशिरा दिसणे या डॉक्टरांना नेहमीच्या गोष्टी आहेत. त्यांना अपघाताची तारीख, आपण कोणत्या आसनावर होतात, पट्टा लावलेला होता का आणि दुखणे केव्हा सुरू झाले हे सांगावे, आणि ते नोंदीत आले आहे ना हे पाहावे. वाढवून सांगू नये आणि 'तसे बरे आहे' असे भिडेखातरही म्हणू नये, कारण तेच शब्द कागदावर उतरतात.

वळांचे फोटो रोज एकाच वेळी, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून घ्यावेत. त्यांचा रंग जांभळ्यावरून हिरवट आणि मग पिवळा होत जातो आणि ती मालिका एका फोटोपेक्षा जास्त सांगते. गाडीतला पट्टा कापू किंवा बदलू देऊ नये. जोराचा झटका बसलेल्या पट्ट्यावर कडीपाशी घासल्याच्या, चकाकलेल्या खुणा राहतात आणि पट्टा लावलेला होता हे त्या दाखवतात. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच ठेवावेत, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण ओल कोंडून त्यांना बुरशी लागते. ते वाळवून कागदी पिशवीत घालावेत आणि पिशवीवर तारीख लिहावी.